दहावा गोल

सिनसिनाटीच्या टीक्यूएल स्टेडियममध्ये १५ जून २०२५ च्या रविवारी दुपारी बारा वाजता सामना सुरू झाला आणि एकविसाव्या मिनिटाला ४-० झालं. मध्यंतराला ६-०. क्लब विश्वचषकातला गटफेरीचा सामना होता: एकीकडे बायर्न म्युनिक, दुसरीकडे न्यूझीलंडचा ऑकलंड सिटी. मी बायर्नचा लाल शर्ट घालून बसलो होतो. पीएचडीची वर्षं म्युनिकमध्ये गेली. तेव्हा जडलेलं हे वेड पोस्टडॉकसाठी अमेरिकेत आल्यावरही सुटलेलं नाही. ज्या संघासाठी एके काळी कडाक्याच्या थंडीत उभं राहून घसा बसवून घेतला, तो राहत्या गावी खेळायला येणार म्हटल्यावर किमतीकडे न बघता तिकीट काढलं होतं.

माझ्या शेजारी साठीच्या पुढचे एक गृहस्थ होते. मूळचे ऑकलंडचे, आता बरीच वर्षं ओहायोत. भर उन्हात त्यांनी गळ्यात क्लबचा मफलर घातला होता. ऑकलंडच्या कोणी चेंडू अडवला, कोणी नुसता बाहेर फेकला, तरी ते टाळ्या वाजवत. आमचं फारसं बोलणं झालं नाही. ८४व्या मिनिटाला जमाल मुसियालाने स्वतःचा तिसरा आणि संघाचा नववा गोल केला आणि आमच्या बाजूला एकच ओरडा सुरू झाला. आणखी एक! दहा! मीही ओरडत होतो. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आता दहा हवेत, नाही का?" आवाजात टोमणा नव्हता. पावसाबद्दल विचारावं तसं विचारलं. मी "हो" म्हणालो आणि हसलो.

पाच मिनिटांनी थॉमस म्युलरने दहावा गोल केला. मी दोन्ही हात वर करून उभा राहिलो. खाली बसताना पाहिलं, तर ते टाळ्या वाजवत होते. "छान मारला," म्हणाले.

त्या हसण्याचं काय करायचं, हे मला तेव्हापासून कळलेलं नाही. मी कोणाला शिवी दिली नाही, कोणाच्या अंगावर काही फेकलं नाही. आपल्या संघाने गोल केला, आपण ओरडलो. प्रेक्षक दुसरं काय करतो? तरीही ते हसू आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात. या लाजेला काही अर्थ आहे, की हा नुसता हळवेपणा आहे, एवढंच मला इथे तपासायचं आहे.

आधी समोर कोण होतं ते सांगतो, कारण त्या दुपारी मलाच ते नीट माहीत नव्हतं. ऑकलंड सिटी हा ओशनियातला सर्वांत यशस्वी क्लब. तिकडे तेच मोठे, तेच बलाढ्य. पण त्यांचं मैदान ऑकलंडच्या सँडरिंगहॅम नावाच्या उपनगरातल्या किविटिया स्ट्रीटवर आहे, आणि त्या उपनगराची ओळख भारतीय-श्रीलंकन खाणावळी आणि किराणा दुकानांसाठी अधिक आहे. खेळाडू हौशी. पोटासाठी प्रत्येकाची वेगळी नोकरी. या स्पर्धेसाठी कामावरून रजा काढून आलेले. त्या दिवशी दहा गोल घेतलेला गोलकीपर कॉनर ट्रेसी एरवी एका गोदामात काम करतो. बचावफळीतला क्रिस्टियन ग्रे शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेत होता. स्पर्धेत नुसतं उतरण्याबद्दल फिफाने ओशनियाच्या क्लबला ३५.८ लाख डॉलर दिले, तर युरोपातल्या क्लबना १.२८ कोटींपासून ३.८२ कोटींपर्यंत. म्हणजे शिट्टी वाजण्याआधीच एक गुणफलक लागलेला होता आणि तोही एकतर्फीच होता.

आता पहिला प्रश्न, जो अशा सामन्यानंतर सगळेच विचारतात. बायर्नने थांबायला हवं होतं का? चार गोल झाल्यावर, फार तर सहा झाल्यावर, चेंडू आपापसांत फिरवत वेळ काढायला हवा होता का?

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल आणि कुस्ती एकाच अंगणात वाढले. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल या फुटबॉल संघांच्या नावात आजही 'तालीम मंडळ' आहे. त्यामुळे हा प्रश्न आला की मला आधी कुस्ती आठवते. मातीत पाठ टेकली की कुस्ती संपली. चीत झालेल्याला पुन्हा चीत करता येत नाही. मॅटवरच्या फ्रीस्टाइलमध्येही दहा गुणांची आघाडी झाली की पंच कुस्ती तिथेच थांबवतात. अमेरिकेत लहान मुलांच्या लिटल लीग बेसबॉलमध्ये चार डावांनंतर दहा धावांचा फरक असला तर सामना आवरता घेतात. या खेळांनी दयेची सोय नियमातच करून ठेवली आहे, त्यामुळे ती खेळाडूच्या मनावर सोडलेली नाही. फुटबॉलमध्ये अशी सोय नाही. नव्वद मिनिटं म्हणजे नव्वद मिनिटं. सामन्याचा निकाल विसाव्या मिनिटाला लागला तरी उरलेली सत्तर मिनिटं दोघांनाही खेळावीच लागतात.

त्या सत्तर मिनिटांचं काय करायचं? निकोलस डिक्सन या तत्त्वज्ञाने १९९२ मध्ये नेमक्या याच प्रश्नावर एक निबंध लिहिला. विजय पक्का झाल्यावरही गोल करत राहणं मुळातच अखिलाडू आहे, हे मत त्याला मान्य नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: स्पर्धा फक्त कोण जिंकलं हे ठरवण्यासाठी नसते, कोण किती चांगलं खेळू शकतं हेही तिथे दिसावं लागतं, आणि खेळाडू म्हणून सपाटून हरणं वेगळं, माणूस म्हणून कमी ठरणं वेगळं. दुसरी गोष्ट गोलांनी होत नाही, ती चिडवण्याने, हिणवण्याने होते.

मला हे पटतं. उलट बाजू करून पाहा. समजा बायर्नने सहा गोलांनंतर खेळणं सोडलं असतं आणि ते आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं असतं, म्हणजे ऑकलंडच्या खेळाडूंच्या नक्कीच आलं असतं. घरच्या मोठ्या माणसाने कॅरममध्ये मुद्दाम सोंगटी चुकवली की लहान मुलालाही ते कळतं आणि त्याचं तोंड पडतं. ट्रेसी अर्धी पृथ्वी ओलांडून आला तो हॅरी केन आणि ओलिसेचे खरे फटके अडवायला. त्याच्याकडे हळू, सोपे, दयेचे फटके येऊ लागले असते, तर ज्यासाठी रजा खर्च केली तेच त्याच्या हातून गेलं असतं. समोरच्याशी पूर्ण ताकदीने खेळणं यात 'तू खेळाडू आहेस' अशी मान्यता असते. हात आखडता घेण्यात 'तू पाहुणा आहेस' असा सूर असतो.

११ जून २०१९ ला महिला विश्वचषकात अमेरिकेने थायलंडला १३-० हरवलं, तेव्हाही वाद झाला. पण तो गोलांवर कमी आणि गोलांनंतरच्या जल्लोषावर जास्त झाला. लोकांना नेमकं काय खुपलं हे यातून दिसतं. गोल करणं हे काम आहे. त्या गोलाचं काय करायचं, ही पुढची गोष्ट.

इथपर्यंत आलो तेव्हा मला जरा हायसं वाटलं होतं. बायर्नने चूक केली नाही, म्हणजे मीही केली नाही. पण या युक्तिवादात एक भोक आहे आणि ते दिसायला मला बरेच दिवस लागले. पूर्ण ताकदीने खेळणं हाच आदर, हा बचाव खेळणाऱ्याचा आहे. मी खेळत नव्हतो.

खेळाडूचं प्रतिस्पर्ध्याशी एक नातं असतं. त्याची धडक लागते, त्याचा श्वास ऐकू येतो, पडला तर हात देऊन उठवावं लागतं. तो किती दमला आहे हे मैदानातल्या माणसाला न सांगता कळतं. गोल करणाऱ्याने त्या गोलाची किंमत पळून, घाम गाळून भरलेली असते. माझी नव्वद मिनिटं खुर्चीत गेली. माझ्याकडून ऑकलंडला ना धडक मिळाली, ना हात. खेळाडूचं समर्थन उसनं आणून मी माझं हसू झाकू शकत नाही. मग प्रेक्षक म्हणून माझ्याकडे काही देणं होतं का? शब्दच सांगतो: प्रेक्षक म्हणजे पाहणारा. माझं काम पाहण्याचं होतं, आणि तेच मी शेवटची पाच मिनिटं केलं नाही.

नंतर मी स्वतःला एक सबब देऊन पाहिली. दहावा गोल म्युलरचा होता. पस्तीस वर्षांचा म्युलर या स्पर्धेनंतर बायर्न सोडणार होता. लहानपणापासून ज्या क्लबमध्ये वाढला त्याचा शर्ट तो शेवटचे काही सामने घालणार होता. त्याच्यासाठी ओरडलो असतो तर त्यात वाईट काय? काहीच नाही. एप्रिलमधल्या दुखापतीनंतर परतलेल्या मुसियालाच्या तीन गोलांचा आनंदही निर्मळच होता. समोर ऑकलंड असो की रेआल माद्रिद, आजारातून उठलेला माणूस पळताना पाहून बरं वाटतंच. पण खरं सांगायचं तर मी दहासाठी ओरडायला लागलो तेव्हा चेंडू कोणाकडे आहे हेही मला दिसत नव्हतं. गोल कोणी करावा, कसा करावा, याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. स्वयंगोल झाला असता तरी मी तितकाच उड्या मारत उठलो असतो. मला आकडा हवा होता.

आणि आकडा तरी कसला? नऊ आणि दहा यांत खेळाच्या दृष्टीने काही फरक नाही. आपल्या हाताला दहा बोटं आहेत म्हणून आपण दहाच्या पटीत मोजतो, म्हणून दोन अंकी संख्या बघायला बरी वाटते. म्हणजे अकरा माणसं उन्हात जीव तोडून अजून खेळत होती, आणि मला त्यांच्याकडून फलकावरचा एक शून्य हवा होता. त्यांचा पराभव मला नको होता, तो कधीच झालेला होता. त्यांची मानहानीही नको होती. मला ते तिथे आहेत याचीच आठवण राहिली नव्हती. शेजारच्या गृहस्थांनी प्रश्न विचारला तेव्हा ती आठवण करून दिली गेली, आणि मी हसून ती बाजूला सारली. कान गरम होतात ते यासाठी.

यावर एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. इतका सोवळेपणा कशाला? मैदानावर माणूस ओरडायलाच जातो. प्रत्येक आरोळी तराजूत घालून मारायची तर स्टेडियमचं वाचनालय होईल. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर काय गोडगोड बोलतात का?

नाही, अजिबात नाही. एका पेठेचा संघ दुसऱ्या पेठेच्या संघाला हरवतो तेव्हा जे ऐकू येतं ते इथे लिहिता येणार नाही. मोठ्या फरकाने हरवलं तर महिनाभर पुरतं. पण ते चिडवणं ओळखीतलं असतं. ज्याला चिडवलं तो दुसऱ्या दिवशी चहाच्या गाडीवर भेटतो, मामेभावाचा मित्र निघतो, आणि पुढच्या हंगामात व्याजासकट परत करतो. चिडवायला समोरचा माणूस लागतो, त्याचं नाव लागतं, त्याची पेठ लागते, त्याचा कच्चा दुवा ठाऊक असावा लागतो. हे सगळं म्हणजे एका परीने पाहणंच आहे. त्यात वाईटपणा येऊ शकतो, येतोही, पण समोरचा अदृश्य होत नाही. सिनसिनाटीत आमच्या आरोळीत ऑकलंड नव्हतंच. त्यांना कोणी नावं ठेवली असती तर निदान त्यांची दखल तरी घेतली गेली असती.

न पाहण्याचा याहून सभ्य प्रकार मला सामन्यानंतरच्या दिवसांत भेटला. ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येक फुटबॉलवेड्याने एकच गोष्ट सुनावली: असले संघ आणतातच कशाला? बिचाऱ्यांची फजिती. स्पर्धेची शोभा झाली. बोलणारे दयाळू होते, ऑकलंडची बाजू घेतोय अशीच त्यांची समजूत होती. स्पर्धेची आखणी, पैशांची वाटणी यांवर त्यांनी राग काढला असता तर मीही त्यात सूर मिसळला असता. पण त्यांचा सगळा रोख हरणाऱ्यावर होता: हा इथे नको होता. मी नववा गोल झाल्यावर त्यांना विसरलो, हे लोक पहिल्या गोलाच्या आधीपासून विसरायला तयार होते.

जर्मनीत राहिलेल्या माणसाला हे विशेष खटकतं, कारण तिथल्या राष्ट्रीय चषकाची सगळी मजा याच विषम जोड्यांत आहे. पहिल्या फेरीत लहान क्लबची गाठ मोठ्याशी घालतात आणि सामना लहान क्लबच्या घरी ठेवतात. २०२१ मध्ये बायर्नने पाचव्या पातळीवरच्या ब्रेमर एसव्हीला याच चषकात १२-० हरवलं. आणि १ नोव्हेंबर २०२३ ला तिसऱ्या पातळीवरच्या झारब्र्युकनने त्याच बायर्नला २-१ असं बाहेर काढलं, तेही भरपाईच्या वेळेतल्या गोलाने. त्या रात्री मी फोन बंद करून ठेवला होता. बारा गोलांच्या भीतीने दार लावून घेतलं की झारब्र्युकनही बाहेरच राहतं. सरमिसळ असलेली स्पर्धा हवी असेल तर १२-० ची तयारी ठेवावी लागते. आणि ती तयारी लहान क्लबची असतेच. नसते ती आपली, बघणाऱ्यांची.

पुढे काय झालं हे अनेकांना ठाऊक असेल. २० जूनला बेनफिकाने ऑकलंडला ६-० हरवलं. २४ जूनला नॅशव्हिलमध्ये अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्सशी त्यांचा शेवटचा सामना होता. पहिला गोल ऑकलंडच्याच गोलकीपरच्या नावावर स्वयंगोल म्हणून लागला. मग ५२व्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेला चेंडू क्रिस्टियन ग्रेने डोक्याने आत घातला. वादळामुळे खेळ बराच वेळ थांबला, पुन्हा सुरू झाला, आणि १-१ वर संपला. होतकरू शिक्षकाने बोकाला गोल मारला, अशा बातम्या जगभर झळकल्या.

हा शेवट इतका सुबक आहे की त्यावर विसंबायचा मोह होतो. बघा, लायकी सिद्ध केली! पण ही बरोबरी झाली नसती तर? तीन सामने, तीन दारुण पराभव घेऊन ते किविटिया स्ट्रीटला परतले असते तरी १५ जूनच्या दुपारी मी त्यांना विसरलो हे तेवढंच चुकीचं राहिलं असतं. माणसाकडे पाहावं यासाठी त्याने आधी बोकाला रोखून दाखवायचं असेल, तर ते पाहणं म्हणजे निकाल तपासणंच झालं.

एक गोष्ट मात्र १-१ मुळे मला नीट कळली. बायर्नने सहाव्या गोलावर हात आखडते घेतले असते, बेनफिकाने तिसऱ्यावर, तर नॅशव्हिलच्या त्या गोलाकडेही लोकांनी संशयाने पाहिलं असतं: बोकानेही सोडून दिलं असेल. दहा खरे होते म्हणून तो एकही खरा ठरला. ट्रेसीच्या मागे जाळ्यात गेलेल्या त्या दहा चेंडूंनी ग्रेच्या एका हेडरची किंमत राखली. म्हणून बायर्नने गोल केले याचं मला आजही वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते माझ्या हसण्याचं, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत एवढं समजायला मला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ लागला.

नॅशव्हिलचा सामना मी घरी एकट्याने पाहिला. ग्रेचा गोल झाला तेव्हा त्या गृहस्थांची आठवण आली. ते कुठे बसून पाहत असतील, मफलर घातला असेल का. त्यांना दोन ओळी लिहाव्यात असं फार वाटलं, पण नव्वद मिनिटं खांद्याला खांदा लावून बसूनही मी त्यांचं नाव विचारलं नव्हतं.

पुढे कधी असा सामना पाहायला गेलो आणि आपल्या संघाचा दहावा गोल झाला, तर मी ओरडेन का? बहुधा ओरडेन; सवय जाणार नाही. पण नऊ आणि दहाच्या मध्ये कोणी वळून विचारलं, "आता दहा हवेत, नाही का?" तर नुसतं हसून "हो" म्हणणार नाही. विचारेन, तुमचा गोलकीपर कोण आहे? दिवसभर काय करतो?